मुदतीची माया खोटी नसते

‘कायमचं सांभाळणार नसाल, तर कुत्र्याला घरात आणूच नका.’ मुंबई-पुण्यात कुणी एखादं पिल्लू महिनाभर घरी ठेवायचा विचार बोलून दाखवला की हा सल्ला हमखास मिळतो. तो देणाऱ्यांना प्राण्यांचा तिटकारा असतो असं मुळीच नाही. त्यांच्यापैकी कितीतरी जणांनी स्वतः कुत्री वाढवलेली असतात, त्यांची आजारपणं काढलेली असतात, म्हातारपणी त्यांना उचलून जिन्यानं खाली नेलेलं असतं. त्यांचं म्हणणं असं : मुक्या जीवाला लळा लावायचा आणि चार आठवड्यांनी दुसऱ्याच्या हवाली करायचं, ही दया नाही, हौस आहे. दोन खोल्यांच्या जागेत, दिवसाचे दहा तास घराबाहेर असणाऱ्या माणसानं असले उपद्व्याप करू नयेत. फारच वाटलं तर एखाद्या संस्थेला देणगी द्यावी आणि बाकीचं त्यांच्यावर सोडावं. या युक्तिवादामागे काळजी आहे, म्हणून त्याला उत्तरही तितक्याच काळजीनं द्यायला हवं. पण तो चुकीचा आहे, असं माझं ठाम मत आहे. ‘सगळं देता येत नसेल तर काहीच देऊ नका’ हा नियम ऐकायला जबाबदार वाटतो. शहरात मात्र त्याचा परिणाम एवढाच होतो की मदत करू शकणारी हजारो घरं बाजूला बसतात आणि ज्यांना चार-सहा आठवड्यांचं छप्पर मिळालं असतं तर जगता आलं असतं, ते जीव रस्त्यावर मरतात.

फोस्टर, म्हणजे घरी मुदतीपुरता सांभाळ, कुणाचा करायचा हे आधी स्पष्ट करायला हवं, कारण निम्मा गोंधळ तिथंच आहे. गल्लीत रुळलेलं, नसबंदी आणि लसीकरण झालेलं, वाण्यापासून वॉचमनपर्यंत सगळ्यांच्या ओळखीचं धडधाकट कुत्रं उचलून फ्लॅटमध्ये कोंडायची काहीच गरज नसते. २०२३ च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांनीही नसबंदी आणि लसीकरणानंतर कुत्र्याला त्याच्या मूळ जागी परत सोडण्याचीच व्यवस्था सांगितली आहे. फोस्टर घर लागतं ते वेगळ्या कुत्र्यांना. आई गाडीखाली गेल्यावर मागे उरलेली पिल्लं, पाय मोडून प्लास्टरमध्ये असलेलं कुत्रं, लूत भरून अंगावरचे केस गेलेलं कुत्रं, मालकाची बदली झाली किंवा हौस फिटली म्हणून रस्त्यावर आलेला लॅब्रडोर नाहीतर हस्की, ज्याला कचराकुंडीतून अन्न शोधणंही ठाऊक नसतं. या सगळ्यांची गरज ठरावीक मुदतीची असते. पिल्लाला लसी पूर्ण होईपर्यंत, जखमीला हाड सांधेपर्यंत, सोडून दिलेल्याला नवं घर मिळेपर्यंत. सर्वसाधारण रीत अशी की औषधपाण्याचा खर्च आणि दत्तक घेणारं घर शोधण्याचं काम संस्था किंवा स्वयंसेवक करतात. फोस्टर करणारा जागा, जेवण आणि वेळ देतो. म्हणजे ही एका मोठ्या कामातली एक कडी आहे. तिच्याकडे तोडून पाहिलं की ती अर्धवट दिसते.

विरोधकांच्या युक्तिवादात एक गृहीतक लपलेलं आहे. त्या पिल्लासमोर दोन पर्याय आहेत, एक कायमचं प्रेमळ घर आणि दुसरं तुमचं तात्पुरतं घर, असं ते मानून चालतात. तसं असतं तर पहिला पर्याय निवडा हे सांगणं रास्त होतं. पण त्या घडीला पहिला पर्याय अस्तित्वातच नसतो. खरी तुलना आहे तुमच्या घराची आणि रस्त्याची. रस्त्याचा हिशेब आपल्याकडे संशोधकांनी मांडून ठेवलेला आहे. कोलकात्याच्या आयसर या संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी पश्चिम बंगालमधल्या मोकाट कुत्र्यांच्या ९५ विणींमधली ३६४ पिल्लं पाच वर्षांच्या काळात पाहिली आणि २०१६ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. त्यातली अवघी १९ टक्के पिल्लं सात महिन्यांची, म्हणजे वयात येण्याइतकी, होईपर्यंत जगली. आणि एकूण मृत्यूंपैकी ६३ टक्के मृत्यूंना माणूस प्रत्यक्ष किंवा अप्रत्यक्ष कारणीभूत होता. पाचांतलं जेमतेम एक पिल्लू तगतं, आणि उरलेल्यांपैकी बहुतेक आपल्या चाकांखाली, आपल्या हातून किंवा आपल्या वागण्यामुळे जातात. हे डोळ्यांसमोर ठेवून ‘कायमचं जमत नसेल तर हात लावू नका’ हा सल्ला पुन्हा वाचावा. ज्या जिवाला पुढचे सहा आठवडेच मिळण्याची शाश्वती नाही, त्याच्यासाठी आपण पुढच्या बारा वर्षांची हमी मागत बसलेलो असतो.

‘मग संस्था आहेत ना, निवारे आहेत ना,’ असं यावर म्हटलं जातं. निवाऱ्यात काम करणाऱ्या कुणालाही विचारा, लहान पिल्लांसाठी सर्वांत धोक्याची जागा कोणती? उत्तर येईल, गर्दीचा निवारा. पिल्लाला लशीचा पहिला डोस साधारण सहा ते आठ आठवड्यांचं असताना देतात आणि मग तीन-चार आठवड्यांच्या अंतरानं पुढचे डोस चालतात. आईच्या दुधातून आलेलं संरक्षण ओसरत चाललेलं आणि लशीचं पुरतं आलेलं नाही, अशा या मधल्या काळात पार्व्हो आणि डिस्टेंपर हे विषाणूजन्य आजार त्याला गाठतात. पार्व्होचा विषाणू आजारी कुत्र्याच्या विष्ठेतून पसरतो, फरशीवर, भांड्यांवर, चपलेच्या तळाला महिनोन्‌महिने टिकतो आणि साध्या साबणानं मरत नाही. जिथं रोज नवी आजारी कुत्री येतात तिथं तो रोखणं कसलेल्या माणसांनाही जड जातं. उलट ज्या घरात कुत्रं कधी आलेलंच नाही, अशा तिसऱ्या मजल्यावरच्या साध्या वन-बीएचकेची कोरडी न्हाणी ही त्या पिल्लासाठी शहरातली सर्वांत सुरक्षित जागा असू शकते. तिथं एक पुठ्ठ्याचं खोकं, जुन्या सुती साडीची घडी आणि रोज बदलायची वर्तमानपत्रं लागतात. कुणीतरी कानांच्या घडीतल्या गोचिडी चिमट्यानं एकेक काढाव्या लागतात, जंताचं औषध वजन करून पाजावं लागतं, गाईच्या दुधानं पोट बिघडतं म्हणून भाताच्या पेजेत उकडलेलं चिकन कुस्करून घालावं लागतं आणि पहिल्या दोन-तीन रात्री पिल्लू रडलं की उठावं लागतं. हे काम देणगीच्या पावतीनं होत नाही. पैसा लागतोच, पण ज्याची टंचाई सगळ्यात मोठी आहे ती आहे रिकामी न्हाणी आणि रात्री दोनला उठायची तयारी.

आता लळ्याच्या मुद्द्याकडे वळतो, कारण विरोधकांचा मुख्य भर तिथंच आहे. जीव लावून तोडणं ही क्रूरता आहे, कुत्र्याच्या मनावर त्याचा घाव राहतो, असं ते म्हणतात. हा दावा तपासता येण्यासारखा आहे आणि तो तपासलाही गेला आहे. अमेरिकेतल्या पाच निवाऱ्यांतल्या २०७ कुत्र्यांवर २०१९ साली प्रसिद्ध झालेला एक अभ्यास आहे. या कुत्र्यांना एक-दोन रात्रींसाठी फोस्टर घरी पाठवलं आणि आधी, त्या काळात आणि परतल्यावर त्यांच्या लघवीतलं कॉर्टिसॉल, म्हणजे ताणाशी निगडित संप्रेरक, मोजलं. घरी असताना ते खाली आलं, कुत्री घरात सलग आणि जास्त वेळ विसावली. निवाऱ्यात परतल्यावर ते पुन्हा वाढलं, पण पूर्वीच्याच पातळीला येऊन थांबलं. त्याच्यावर गेलं नाही. म्हणजे घर मिळून परत गेल्यामुळे कुत्र्याची स्थिती आधीपेक्षा बिघडली, असं आढळलं नाही. मिळालेली विश्रांती मात्र खरी होती. पुढे ५१ निवाऱ्यांच्या नोंदींवरून याच क्षेत्रातल्या संशोधकांनी दाखवलं की काही काळ फोस्टर घरी राहिलेली कुत्री दत्तक जाण्याची शक्यता चौदा पटींहून अधिक होती. ते आकडे परदेशातले आहेत, आणि घरी पाठवायला मुळात शांत स्वभावाची कुत्री निवडली गेली असतील ही शंकाही रास्त आहे. पण त्यामागचं कारण इथंही तितकंच लागू आहे. पिंजऱ्यातल्या कुत्र्याबद्दल दत्तक घेणाऱ्याला काहीच सांगता येत नाही. फोस्टर करणारा सांगू शकतो की हे लहान मुलांत कसं राहतं, कुकरच्या शिट्टीनं दचकतं का, लिफ्टला घाबरतं का, एकटं ठेवलं तर दार ओरबाडतं का. या चार वाक्यांवर दत्तक टिकतं किंवा मोडतं.

शिवाय पिल्लाच्या वयाचाही एक हिशेब आहे. साधारण तिसऱ्या आठवड्यापासून बाराव्या-चौदाव्या आठवड्यापर्यंतचा काळ कुत्र्याच्या स्वभावाचा पाया घालतो, हे स्कॉट आणि फुलर यांच्या १९६५ साली ग्रंथरूपात आलेल्या संशोधनापासून मान्य झालेलं आहे. या काळात माणसाचा हात, आवाज, घरातली वर्दळ यांची सवय झाली तर ते पुढे माणसांत निर्धास्त राहतं; नाही झाली तर भित्रं होतं, आणि भित्रं कुत्रंच बहुतेकदा चावतं. पिल्लाला एका माणसाची सवय झाली की दुसऱ्याकडे जुळवून घेता येत नाही, हा समज त्यामुळे उलटा आहे. या वयात जे पिल्लू एका माणसावर विश्वास ठेवायला शिकतं, त्याला पुढच्या माणसावर विश्वास ठेवणं सोपं जातं. तुम्ही लावलेला लळा वाया जात नाही. तो पिल्लू पुढच्या घरी सोबत घेऊन जातं.

मुदत असलेली मदत म्हणजे कमअस्सल मदत, ही कल्पना आपल्या परंपरेला तरी कुठं मान्य आहे? नामदेव पोळी पळवणाऱ्या कुत्र्यामागे तुपाची वाटी घेऊन धावले, एकनाथांनी रामेश्वरासाठी आणलेलं गंगेचं पाणी तहानेनं तडफडणाऱ्या गाढवाच्या तोंडात ओतलं. या कथा महाराष्ट्रात घरोघरी सांगितल्या जातात, आणि ते कुत्रं पुढे नामदेवांनी जन्मभर पाळलं का, असं कुणी विचारत नाही. त्या घडीची गरज त्या घडीला ओळखली, यालाच आपण थोरवी म्हणत आलो. संतांचं सोडा, साध्या गृहस्थाश्रमातही वार लावून जेवण्याची पद्धत होती. शिकायला पुण्यात आलेला गरीब मुलगा सोमवारी एका घरी, मंगळवारी दुसऱ्या घरी असा आठवडाभर सात घरी जेवायचा. त्याला दत्तक घेण्याची ऐपत त्यातल्या एकाही घराची नसे. एक वार प्रत्येकाला परवडत होता आणि त्या सात वारांवर मुलं शिकून बाहेर पडली. ही पद्धत जातीच्या कुंपणात अडकलेली होती, आणि तिचा हा दोष झाकून तिचं कौतुक करू नये. पण तिच्या रचनेत एक शहाणपण होतं : जे एकट्याच्या आवाक्याबाहेर आहे ते वाटून घेतलं की अनेकांच्या आवाक्यात येतं. तू आमच्या घरी कायमचा राहणार नसशील तर सोमवारीही येऊ नकोस, असं त्या मुलाला कुणी म्हटलं असतं तर त्याला आपण जबाबदार माणूस म्हटलं नसतं.

जागेचा आणि नोकरीचा आक्षेप खरा आहे, पण तो सरसकट लावला जातो तितका व्यापक नाही. शहरातलं घर लहान आहे, हे खरंच. मात्र प्रौढ कुत्रं दिवसातले बरेच तास झोपून काढतं; त्याला चौरस फुटांपेक्षा दिवसातून दोन-तीनदा पट्टा लावून बाहेर नेणारा माणूस हवा असतो. प्लास्टरमधल्या कुत्र्याला तर डॉक्टरच कमी हालचाल सांगतात. त्याला मोकळं अंगण मिळालं तर उलट नुकसान. नोकरीचं म्हणाल, तर पाच आठवड्यांच्या पिल्लाला दहा तास एकटं ठेवता येणार नाही, हे उघड आहे. ज्या घरात दिवसा कुणीच नसतं त्यांनी पिल्लू घेऊ नये. पण त्याच घरात शांत, मध्यमवयीन, शी-शूची शिस्त असलेलं कुत्रं नीट राहू शकतं. घरून काम करणारी माणसं आहेत, निवृत्त जोडपी आहेत, जिथं आजी दिवसभर घरी असतात अशी एकत्र कुटुंबं आहेत. कुठल्या घराला कुठलं कुत्रं हा प्रश्न जुळवणीचा आहे. शहरातल्या घरात कुत्रं नकोच, हे त्याचं उत्तर होऊ शकत नाही. फोस्टरचा एक मोठा फायदा असा की ही जुळवणी चुकली तर ती दुरुस्त करता येते. हौसेनं महागडं ब्रीड विकत घेऊन सहा महिन्यांनी अंग काढून घेणाऱ्याकडे तशी सोय नसते. ज्यांना कायमचं कुत्रं पाळायचं आहे त्यांनीही आधी एक-दोनदा फोस्टर करावं, म्हणजे आपल्या घराला, शेजाऱ्यांना आणि स्वतःच्या सकाळच्या झोपेला काय पेलतं ते कळेल आणि सोडून दिलेल्या कुत्र्यांची संख्या कमी होईल.

यापेक्षा जड आक्षेप आहे तो माणसांचा. फुटपाथवर माणसं झोपतात, सरकारी रुग्णालयात खाट मिळत नाही, आणि तुम्ही कुत्र्यांचे लाड करता? या प्रश्नातला राग समजून घ्यायला हवा. कुत्रा चावण्याची झळ एसी गाडीत बसणाऱ्याला लागत नाही; ती पहाटे कामाला निघालेल्या सफाई कामगाराला, रात्रपाळीहून चालत परतणाऱ्याला, वस्तीत खेळणाऱ्या पोराला लागते. सरकारी आकडेवारीप्रमाणे २०२४ साली देशात कुत्रा चावल्याच्या ३७ लाखांहून अधिक घटना नोंदल्या गेल्या. जागतिक आरोग्य संघटना सांगते की माणसाला होणाऱ्या रेबीजपैकी ९९ टक्के कुत्र्यांमुळे होतो आणि संशयित प्राण्यानं चावलेल्यांत ४० टक्के मुलं १५ वर्षांखालची असतात. हे आकडे नजरेआड करून प्राणिप्रेमाच्या गप्पा मारणं निर्दयपणाचं आहे. पण म्हणूनच विचारायला हवं की फोस्टरमुळे ही झळ वाढते की कमी होते? रस्त्यावरून एक पिल्लू कमी होतं, त्याला रेबीजची लस मिळते, योग्य वयात नसबंदी होते, ते माणसांत वावरायला शिकून एका नोंदणीकृत मालकाच्या पट्ट्याला जातं. मादी असेल तर तिच्या पुढच्या सगळ्या विणी टळतात. वस्तीतल्या पोराच्या दृष्टीनंही याहून चांगली गोष्ट कोणती? आणि माणसांविषयीची कणव कुत्र्यावर खर्च झाली की संपते, ही समजूतही अनुभवाला धरून नाही. जो रात्री उठून पिल्लाला औषध पाजतो तो शेजारच्या आजोबांना रिक्षा आणून देणार नाही, असं मानायला काही आधार नाही. देण्याची सवय ही सवयच असते. ती लागली की एका दारापाशी थांबत नाही.

संख्येचा आक्षेप वेगळा आहे. २०१९ च्या पशुगणनेत देशात सुमारे १ कोटी ५३ लाख भटकी कुत्री मोजली गेली, महाराष्ट्रात साडेबारा लाखांहून जास्त; एकट्या मुंबईत २०२४ च्या गणनेत ती ९० हजारांच्या घरात होती. तुमच्या एका न्हाणीनं काय होणार? प्रामाणिक उत्तर असं की फोस्टरनं भटक्या कुत्र्यांचा प्रश्न सुटणार नाही, आणि सुटेल असं सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नये. तो सुटेल तर सातत्यानं केलेल्या नसबंदीनं, लसीकरणानं आणि उघड्या कचऱ्याच्या बंदोबस्तानं. कुत्री मारून तो सुटत नाही, हे मुंबईनं पाहिलेलं आहे. १८३२ च्या जूनमध्ये कंपनी सरकारनं चालवलेल्या कुत्र्यांच्या कत्तलीविरुद्ध इथल्या पारश्यांनी दंगल केली होती, त्यानंतरही दीडशेहून अधिक वर्षं मारण्याचाच मार्ग चालला आणि १९९० च्या दशकात महापालिकेला तो सोडून नसबंदीकडे वळावं लागलं. गोव्यानं सार्वत्रिक लसीकरणाची मोहीम वर्षानुवर्षं नेटानं चालवली आणि २०२१ मध्ये ते राज्य रेबीज-नियंत्रित क्षेत्र म्हणून जाहीर झालं. ही कामं यंत्रणेची आहेत. पण यंत्रणेला जे जमत नाही ते घराला जमतं. सर्वोच्च न्यायालयानं २०२५ च्या नोव्हेंबरमध्ये शाळा, रुग्णालयं, बसस्थानकं, रेल्वे स्थानकं अशा आवारांतून कुत्री हलवून निवाऱ्यांत ठेवण्याचा आदेश दिला. त्याचं समर्थन करा अथवा त्याला विरोध करा, एक गोष्ट उघड आहे : निवाऱ्यांवरचा ताण वाढणार आहे, आणि ज्या पिल्लांना, आजारी आणि माणसाळलेल्या कुत्र्यांना घरात ठेवता येण्यासारखं आहे ती तिथं जागा अडवून बसली तर त्यांचंही आणि निवाऱ्यांचंही नुकसान आहे. एक घर वर्षातून चार वेळा, दर खेपेला सहा आठवडे, एकेक कुत्रं सांभाळू शकलं तर वर्षाला चार जिवांना दत्तक जाण्याची संधी मिळते. कायमचं एक कुत्रं पाळणाऱ्या घराला हे करता येत नाही. मुदत असणं हा इथं दोष नाही. तीच या पद्धतीची ताकद आहे.

विरोधकांचं जिथं खरं आहे तिथं ते मान्य केलंच पाहिजे. वाईट फोस्टर असतात. उत्साहानं पिल्लू नेतात आणि गणपतीला गावी जायची वेळ आली की त्याच दिवशी फोन करून ‘आत्ताच्या आत्ता घेऊन जा’ म्हणतात. कुणी फोन उचलायचंच बंद करतं. कुणी एकामागून एक आणत राहतं आणि दहा कुत्री एका खोलीत भरतं. सर्वांत वाईट म्हणजे, जमलं नाही तर खाली सोडून देतात. घरात वाढलेलं कुत्रं रस्त्यावर सोडणं हा १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यानुसार गुन्हा ठरू शकतो; पण पहिल्या गुन्ह्याला दंड १० ते ५० रुपये, म्हणजे कायद्याचा धाक नावापुरता. म्हणून शिस्त आपण आपल्याला लावून घ्यायची आहे. संस्थेशी किंवा स्वयंसेवकाशी लेखी बोलणं करावं : मुदत किती, खर्च कुणाचा, डॉक्टर कोणता, मुदत संपूनही घर मिळालं नाही तर कुत्रं कुठं जाईल. लसीचं कार्ड पाहूनच कुत्रं घरात घ्यावं, आपलं स्वतःचं कुत्रं असेल तर नव्याला निदान दोन आठवडे वेगळं ठेवावं. भाड्याच्या घरात राहत असाल तर घरमालकाची परवानगी आधी घ्यावी आणि तो नाही म्हणाला तर विषय संपवावा. स्वतःच्या घराबाबत भारतीय प्राणी कल्याण मंडळाच्या २०१५ च्या मार्गदर्शक सूचना स्पष्ट आहेत : बहुमतानं ठराव करूनही सोसायटीला पाळीव कुत्र्यांवर बंदी घालता येत नाही. पण हक्क आहे म्हणून पट्टा न लावणं किंवा आवारातली घाण न उचलणं हे शेजाऱ्यांवरच नव्हे, पुढच्या प्रत्येक फोस्टरवर अन्याय करणारं आहे. ही पथ्यं पाळण्याची तयारी नसेल त्यानं खरोखर कुत्रं आणू नये. वाईट फोस्टर होतात यावरून चांगल्या फोस्टरसाठी नियम निघतात. फोस्टरच नको, असं त्यातून निघत नाही.

राहता राहिलं माणसाचं दुःख. सहा आठवडे कुशीत झोपलेलं पिल्लू परक्या माणसाच्या गाडीत बसवून पाठवताना रडू येतं, घरातली मुलं दोन दिवस जेवत नाहीत, हे कुणी नाकारू नये आणि त्याची समजूत गोड शब्दांनी काढू नये. पण ते दुःख आपलं आहे, पिल्लाचं नाही. ते आपल्याला झेपणार नाही म्हणून आपण मदत नाकारतो तेव्हा आपण पिल्लाचा नव्हे, स्वतःचा विचार करत असतो, एवढं तरी मान्य करावं. देण्यात काही जात नसेल तर ते देणं कसलं? जुने कपडे, उरलेलं अन्न, करसवलतीची देणगी हे सगळं आपण सहज देतो, कारण त्यानं आपलं काही अडत नाही. इथं झोप जाते, वेळ जातो, आणि शेवटी ज्याच्यावर जीव जडला तेही जातं. ज्या घरातल्या मुलांनी हे एकदा पाहिलं, त्यांना माया आणि मालकी यांतला फरक कुणी वेगळा शिकवावा लागत नाही. आणि कधी निरोप देणं जमलंच नाही, पिल्लू त्याच घरी राहिलं, तर त्यातही बिघडत नाही. एका कुत्र्याला घर मिळालं, एवढंच झालं.

म्हणून ज्यांनी हा विचार मनात घोळवून ‘कायमचं जमणार नाही’ या एका कारणासाठी बाजूला ठेवला असेल, त्यांनी तो पुन्हा हाती घ्यावा. आपल्या भागातल्या प्राण्यांच्या दवाखान्यात चौकशी केली तर फोस्टर घर शोधणारा स्वयंसेवक गाठणं अवघड नाही. त्याला आपली परिस्थिती खरी सांगा : घरात दिवसा कोण असतं, किती आठवडे जमतील, दिवाळीत कुठं जाणार आहात, कसलं कुत्रं झेपेल आणि कसलं नाही. जेवढं जमेल तेवढंच कबूल करा, आणि कबूल केलेलं शेवटच्या दिवसापर्यंत पाळा. बारा वर्षांचं वचन कुणी मागत नाही. सहा आठवडे द्या. त्या पिल्लाला तेवढे पुरतात.